फटमीमांसा

मोटारीच्या दाराची काच पूर्ण वर चढवल्यावर तिची वरची कड आणि छताचं रबर यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते, तिला या निबंधात 'फट' म्हटलं आहे. भिंतीतली, भावकीतली आणि पक्षापक्षांतली फट हे स्वतंत्र विषय असून त्यांवर बोलणारे विद्वान आमच्या सेलू गावात भरपूर आहेत. प्रस्तुत विवेचन एकाच फटीपुरतं आहे. एक जुनी, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड गाडी आमच्या बोळात पुन्हा उभी राहते आहे. तिचं लोखंडी छत उतरवून कापडी हूड चढवलेलं आहे. त्या गाडीच्या उजव्या दाराच्या काचेवरची फट, एवढाच विषय. डावं दार प्रसंगोपात्त येईल.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी ही चार अंगं सांगायची रीत आहे. विषय सांगून झाला. प्रयोजन असं, की गाडीमालकांच्या नातवाचं लग्न ठरलं आहे आणि नवरदेवाने मारुतीच्या दर्शनाला याच ओपन गाडीतून जावं अशी आजोबांची इच्छा आहे. ओपन गाडीत बसणाऱ्याला काच हवी कशाला, ही शंका इथे कुणीही काढील. तिचं समाधान तिथीत आहे. तिथी मृगाच्या तोंडावरची निघाली. संबंध म्हणजे बोळ सामाईक आहे, गाडी त्यात आडवी उभी आहे, आणि तिच्याकडे न बघता प्रस्तुत लेखकाला घराबाहेर पडता येत नाही. राहिला अधिकारी. ज्याला दुपारी कुठेही जायचं नाही, तो या शास्त्राचा अधिकारी. आडत बाजार बंद असला की अशा अधिकाऱ्यांची संख्या इतकी वाढते, की मिस्त्रीला दारापर्यंत पोचायला वाट मागावी लागते.

फट ही वस्तू आहे काय, हा पहिला प्रश्न. वैशेषिकांनी आधी सहाच पदार्थ मानले होते. पुढच्या आचार्यांनी त्यांत सातवा घातला, अभाव. त्याचे चार प्रकार केले आणि हेराल्डचं दार त्या चारही प्रकारांनी तपासता येतं. नवं रबर बसवण्याआधी रबर नसणं हा प्रागभाव. 'रबर आणलं की फट गेली' असं सुट्या भागांचा दुकानदार म्हणतो ते या प्रकाराविषयी. जुनं रबर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आधी कडक, मग भेगाळ, मग भुगा होऊन निघून गेलं, तो प्रध्वंसाभाव. जुन्या हूडच्या जीपला बाजूची काचच नसते, कापडी पडद्यावर भागतं, तिथे काचेचा अत्यंताभाव आणि म्हणून फटीची चिंताही नाही. चौथा अन्योन्याभाव: काच म्हणजे रबर नव्हे आणि रबर म्हणजे काच नव्हे. पहिले तीन पैसे टाकून मिटतात. चौथा मिटत नाही आणि मिस्त्रीचं पोट त्याच्यावर चालतं.

अभाव कळतो कसा, यावरही मतभेद आहेत. नैयायिक म्हणतात, तो डोळ्यांनाच दिसतो. भाट्ट मीमांसक त्यासाठी अनुपलब्धी नावाचं वेगळं प्रमाण मानतात. मोटारीच्या बाबतीत याहून बलवान प्रमाण आहे. मांडीवर पडणारं पाणी.

आता या गाडीत फट आली कुठून ते पाहू. त्यासाठी थोडं इंग्लंडला जावं लागतं. ट्रायम्फ हेराल्ड 1959 साली बाजारात आली. तिचं रूप इटलीतल्या ट्यूरिनच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी काढलं होतं. त्या काळात बहुतेक कारखाने चेसिस आणि बॉडी एकत्र ओतल्यासारखी अखंड गाडी करू लागले होते. स्टँडर्ड-ट्रायम्फला ते जमण्यासारखं नव्हतं, कारण त्यांच्या बॉड्या करून देणारा फिशर अँड लडलो हा कारखाना 1953 साली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानेच, विकत घेतला होता. मग उपाय निघाला तो असा: चेसिस वेगळी ठेवायची, बॉडीचे तुकडे ठिकठिकाणच्या छोट्या कारखान्यांतून करून आणायचे आणि बोल्टांनी एकमेकांना जोडायचे. सहा गावचे सोयरे एका पंक्तीला बसवावेत तशी ही बॉडी बसली. प्रत्येकाचं पान थोडं थोडं सरकलेलं. फट ही हेराल्डला जडलेली व्याधी नव्हे, ते तिचं कुळ आहे.

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने 1961 पासून ही गाडी भारतात 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून काढली. पुढे आपल्या लोकांसाठी चार दारांची हेराल्ड काढली, जी इंग्लंडात कधी निघालीच नाही. चार दारांचा फायदा एवढाच, की सासूबाईंना मागे बसवताना पुढची सीट वाकवावी लागत नाही. फटशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो अनर्थ, कारण दारं दुप्पट. आमची गाडी दोन दारांची आहे याबद्दल तिचे मिस्त्री, म्हणजे आमचे उस्ताद, अधूनमधून आभाळाकडे बघून हात जोडतात.

हेराल्डच्या दाराला वरची चौकट नाही. काच दारातून उघडीच वर येते, तिला धरायला वर काही नसतं. छतसुद्धा बोल्टांनी बसवलेलं. बोल्ट सोडले, चौघांनी धरलं, की छत हातात. आमच्याकडचं छत सध्या घराच्या माळदावर उपडं ठेवलं आहे. मागच्या अवकाळी पावसात त्यात पाणी साचलं आणि चिमण्यांची सोय झाली. पण ज्या क्षणी ते उतरलं त्या क्षणी काचेचा वरचा शेजार बदलला. लोखंडी कड गेली आणि तिच्या जागी कुशनवाल्याने शिवलेलं कापड आणि वेल्डरने वाकवलेली पट्टी आली. काच तीच, दार तेच, फट नवी.

इथे पूर्वपक्ष उभा राहतो. तो म्हणतो, एवढ्याशा फटीने काय होतं? याच सेलूच्या स्टेशनातून निजामाच्या काळापासून मीटर गेज गाडी धावत होती, मग ब्रॉड गेज झाली. म्हणजे रुळांमधलं अंतर 1000 मिलिमीटरचं 1676 झालं. साडेसहाशेहून अधिक मिलिमीटरचा फरक गावाने पचवला आणि तुम्ही दोन-तीन मिलिमीटरसाठी दार उघडून बसलात! युक्तिवाद आकर्षक आहे, पण टिकत नाही. रूळ दोन्ही एकदम बदलले जातात. काच एकटीच हलते, आणि तिने जिथे टेकायचं ते रबर आपल्या जागेवर हट्टाने बसलेलं असतं.

आमच्याकडे या फटीच्या निवारणाविषयी तीन मतं प्रचलित होती. ठोकामत सांगतं की लाकडी ठोकळा ठेवून दार वरून दाबावं, दोन ठोके द्यावेत, बसतं. रबरमत सांगतं की जाड रबर लावावं, ते सगळं झाकतं. जाड रबराने दारच लागत नाही, आणि लागलं तरी काचेला बाहेर ढकलून देतं, ही अडचण रबरमतवाद्यांना मान्य नाही. तिसरं कापडमत. त्यांचं म्हणणं, काचेला हात लावू नका, हूड खाली ओढून शिवा. हे मत मुख्यतः कुशनवाल्याचं आहे आणि त्यात शिलाईचे पैसे वेगळे आहेत.

उस्तादांनी ही तिन्ही मतं ऐकून घेतली. ते काच वर-खाली करत राहिले, डोळा बारीक करून दाराच्या कडेने बघितलं, आणि बोलले: "साब, कांच तो सीधीच है. गाडी टेढी है."

या सिद्धांताची व्याप्ती मोठी आहे. काच ही सर्वांत शेवटी बसते, म्हणून खाली जिथे जिथे चूक झालेली असेल तिची बेरीज काचेच्या कडेवर दिसते. काच कलली असेल तर तिची मशीन पाहावी, मशीन बरी असेल तर चॅनेल पाहावा, चॅनेल सरळ असेल तर दार, दार सरळ असेल तर कब्जे, कब्जे घट्ट असतील तर बॉडी आणि चेसिस यांच्यामधली पॅकिंगं. हेराल्डची बॉडी चेसिसवर ठिकठिकाणी पॅकिंग देऊन बसवलेली असते. एका ठिकाणची पातळ पट्टी काढली की दाराच्या मागच्या कडेची फट वर रुंद आणि खाली अरुंद होते, किंवा उलट. चेसिसला बाजूंनी फुटलेले लोखंडी हात गंजले असतील तर वरचं सगळं शास्त्र व्यर्थ, आणि दाराखालची पट्टी कितीही चकचकीत असली तरी ती नुसती बोल्टने अडकवलेली शोभा आहे, भार उचलत नाही.

पण उस्तादांची परंपरा चेसिसपाशी थांबते. प्रस्तुत लेखकाला आणखी खाली जावं लागलं, कारण चेसिस चाकांवर उभी आहे आणि चाकं सेलूच्या जमिनीवर.

सेलूची जमीन म्हणजे दुधनाकाठची काळी कापसाची जमीन. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि उन्हात आकसते. उन्हाळ्यात शेतात हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात, आषाढात त्याच जागी पाय रुतून बसतो. या मातीवर घर बांधणाऱ्याला पायातली काळी माती काढून मुरूम भरावा लागतो आणि तरी भिंतीला तडा जायचा तो जातोच. पावसाळ्यात इथली कितीतरी दारं चौकटीत अडकतात. सुतार येतो, वरची कड रंधून देतो. उन्हाळ्यात त्याच कडेतून ऊन घरात येतं आणि घरधनी सुताराच्या नावाने बोटं मोडतो. सुताराने काहीच चूक केलेली नसते. त्याने आषाढातलं दार आषाढासाठी दुरुस्त केलेलं असतं.

मोटारीच्या दाराची जुळणी करताना पहिला नियम हा, की गाडी जॅकवर नको, चाकांवर हवी, आणि चारी चाकं एका पातळीत हवीत. चेसिस वेगळी असलेली आणि छत नसलेली गाडी वाकडी उभी राहिली की अंगाने थोडी पिळली जाते आणि दाराची फट लगेच बोलते. आमच्या बोळात मुरूम टाकून वर शहाबादी फरशी बसवलेली आहे. गवंड्याने लेव्हलची नळी धरून पाहिलं, तेव्हा उजव्या मागच्या चाकाखालची फरशी बाकीच्यांपेक्षा वर निघाली. तिच्या शेजारून नळाची पाइपलाइन जाते आणि ती गळते. म्हणजे फटीचं मूळ शोधत शोधत आपण ट्यूरिनहून निघून मद्रासमार्गे गळक्या नळापाशी येऊन थांबलो. नळ दुरुस्त करायला सांगितला, तेव्हा मालकांच्या सूनबाई म्हणाल्या, "दोन वर्षं मी सांगायलेय. गाडीची काच बसंना झाली तवा तुमाला ऐकू आलं." यावर शास्त्रात उत्तर नाही.

आता मोजमापाकडे वळू. इथे शास्त्र खरोखर समृद्ध आहे. सुतार आणि जुने मिस्त्री फट सुतात मोजतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला जरा कमी. भास्कराचार्यांच्या लीलावतीत आठ यवांचं एक अंगुळ आणि चोवीस अंगुळांचा एक हात असं कोष्टक आहे. हात अठरा इंचांचा धरला तर अंगुळ पाऊण इंचाचं येतं आणि यव बरोबर पाऊण सुताचा. बारावं शतक आणि सेलूचं गॅरेज यांचा हिशेब इतका चोख जुळावा याचा आनंद उस्तादांना सांगितला. त्यांनी विचारलं, यव म्हणजे काय. सांगितलं, जवाचा दाणा. ते म्हणाले, इथं जव कोण पेरतंय? ज्वारी आणा.

त्यातून जी पद्धत निघाली ती नोंदवून ठेवण्यासारखी आहे. परभणीला 1972 साली कृषी विद्यापीठ स्थापन झालं. त्याने रब्बी ज्वारीचं 'परभणी मोती' नावाचं वाण काढलं, दाणा टपोरा. जुनी मालदांडी त्याच्या मानाने लहान दाण्याची. दार आणि बॉडी यांच्यामधल्या उभ्या फटीत वरून दाणा सोडायचा. मालदांडी सरळ खाली गेली आणि परभणी मोती अडकला, तर फट शास्त्रशुद्ध. दोन्ही गेले तर कब्जा आवळावा. मालदांडीच अडकली तर रंग चढवल्यावर दार घासणार, हे निश्चित समजावं. रंगाच्या थराची जाडी आधीच सोडावी लागते, हे नवशिक्याच्या लक्षात येत नाही आणि मग नव्या रंगाचा टवका पहिल्याच दिवशी उडतो. या पद्धतीत साधन हरवलं तर चिमण्या खातात, एवढाच दोष. गेज पट्टीला दुकानात पैसे पडतात, ज्वारी आडतीत नमुन्याची मिळते.

उभी फट दाण्याने मिटली, पण आपली मूळ फट आडवी आहे, काचेच्या वरची. तिच्यासाठी दाराचं आतलं पॅड काढावं लागतं. आत काचेची मशीन असते, तिचा हात काचेच्या तळच्या पट्टीत सरकतो. पुढच्या छोट्या तिकोनी काचेमागे एक उभा चॅनेल, मागच्या कडेला दुसरा. दोन्हींत नमदा असतो आणि दोन्ही खालून बोल्टने मागेपुढे होतात. नमदा झिजला की काच चॅनेलमध्ये खुळखुळते आणि चढताना तिरपी होते. इथवर सगळं सरळ. गंमत पुढे आहे. काचेची वरची कड जराशी आत झुकलेली हवी, तरच ती रबराला दाबून बसते. आणि वरची कड आत आणायची असेल तर खालचा चॅनेल बाहेर ढकलावा लागतो. बघणारे यावर एकमुखाने आक्षेप घेतात. उस्ताद खालचा बोल्ट बाहेर सरकवत होते तेव्हा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक जाणकार ओरडलाच, "उलटं करायलाव चाचा, उलटं!" त्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की ट्रॅक्टरला दार नसतं.

बोल्ट कसण्याचाही क्रम आहे. सगळे आधी कच्चे कसायचे, काच वर नेऊन जागेवर टेकवायची, मग एकेक पक्का. एक पक्का कसला की बाकीचे थोडे हलतात. शेवटी काच कुठे थांबावी हे ठरवणारा स्टॉपर असतो, त्याला सर्वांत शेवटी हात लावायचा. घाईचा माणूस स्टॉपरपासून सुरुवात करतो, कारण तो सहज सापडतो.

एस.टी.च्या ड्रायव्हरांचं एक स्वतंत्र दर्शन आहे, त्याचा उल्लेख टाळता येत नाही. त्यांच्या मते काच बसवायची नसते, अडवायची असते. लाल डब्याच्या खिडकीची काच खडखडायला लागली की प्रवासी तिकिटाची घडी करून फटीत खोचत असे, आणि परभणीपर्यंत शांतता राही. जुनी पेटीतली तिकिटं त्यासाठी योग्य जाडीची होती. हल्लीचं मशीनमधून निघणारं तिकीट इतकं पातळ आहे, की चार घड्या केल्या तरी पकड धरत नाही. वाहतुकीच्या आधुनिकीकरणात खिडकीच्या काचेचा विचार कुणी केला नाही, हा आक्षेप आम्ही इथे नोंदवतो आणि पुढे जातो.

परीक्षा तीन. काचेच्या वरच्या कडेला खडू घासून काच वर चढवायची आणि खाली घेऊन रबरावर खूण पाहायची. जिथे खडू उमटला नाही तिथे फट. दुसरी, काच आणि रबर यांच्यामध्ये दहाची नोट ठेवून काच बंद करायची आणि नोट ओढायची. अडखळत निघाली तर उत्तम, सहज निघाली तर अनुत्तीर्ण, फाटली तर मालकाची. तिसरी, पाण्याची नळी. ती शेवटी घ्यायची, कारण सेलूत पाणी रोज येत नाही.

उजव्या दाराने खडूच्या परीक्षेत पुढच्या कोपऱ्यात दगा दिला. पुढचा चॅनेल सरकवून तो कोपरा मिटवला, तर मागे फट उघडली. मागची मिटवली, तर मधे कड टेकेना. दार जरा उचललं, तर वर जमलं आणि लॉकची जीभ खाली घासू लागली. यातून प्रस्तुत निबंधाचं मुख्य विधान निघतं: फट नाहीशी होत नाही, स्थलांतर करते. तेव्हा तिचा नाश हे ध्येय सोडून तिचं वाटप हाती घ्यावं. मराठवाड्यात 'समन्यायी वाटप' म्हटलं की 2005 चा कायदा आणि जायकवाडीचं पाणी आठवतं, आणि वरच्या धरणांशी चाललेलं भांडणही. दाराच्या बाबतीत वरचा कोपरा आणि खालचा कोपरा एकाच मिस्त्रीच्या हातात आहेत, म्हणून निवाडा लवकर लागला. सगळीकडे सारखी, थोडी थोडी, रबर सहज गिळू शकेल एवढी फट. एखाद्या कोपऱ्यात शून्य आणि दुसऱ्यात दोन सूत ही गोष्ट डोळ्याला खुपते. सगळीकडे अर्धा सूत असेल तर 'कंपनी फिटिंग' म्हणतात.

एक कायदेशीर परिशिष्ट जोडणं भाग आहे. कारखान्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सांगितलं आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, पण गाडी मूळ रूपात हवी आणि ती रोजच्या वापरासाठी नाही. म्हणून माळदावरचं छत आणि डब्यातले त्याचे बोल्ट जपून ठेवले आहेत. लग्न आटोपलं की छत परत बसणार. आणि कापडी हूडला जुळवलेली काच लोखंडी छताच्या कडेला जुळत नाही, हे वर सिद्ध केलंच आहे. तेव्हा हे सगळं शास्त्र नवरदेवाच्या सत्यनारायणानंतर पुन्हा पहिल्यापासून लावावं लागेल. उस्तादांना हे कळवलं तेव्हा ते नाराज दिसले नाहीत.

आजची स्थिती अशी: डावं दार दाण्याला, खडूला आणि नोटेला उतरलं. उजवं दार दाण्याला आणि नोटेला उतरलं, खडूला मागच्या कोपऱ्यात बोटभर कमी पडतं. तिथला चॅनेल मुळातच वाकलेला आहे, सरळ केला तरी परत वाकतो, तो बदलावाच लागेल. परभणी, मानवत, जिंतूर, पाथरी किंवा कुठल्याही गावी कुणाच्या गोठ्यात, गोदामात दोन दारांची हेराल्ड सडत पडली असेल, तर तिच्या उजव्या दारातला मागचा उभा चॅनेल भंगारवाल्याला किलोने देऊ नका. मृग लागण्याआधी सेलूला पोचता करा, भाडं मालक देतील. ज्वारी आमची.